काळ्या बंडीतला समुद्र

बेपोच्या पोटातून समुद्र वाहत होता. विंकाने हँडल फिरवायचं थांबवलं, चष्मा काढून स्वेटरच्या बाहीला पुसला आणि पुन्हा फिरवून पाहिलं. फिल्म क्लबच्या तळघरातल्या, फीत तपासायच्या त्या जुन्या यंत्राच्या तळहाताएवढ्या काचेवर तिचा सासरा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बदाम फोडत बसला होता. इथपर्यंत सगळं बरोबर होतं, तिनेच ते शूट केलं होतं. पण म्हाताऱ्याच्या काळ्या बंडीत, बटणांच्या मागे, पाणी होतं. नुसतं पाणी नव्हे, जहाज कापत गेल्यावर मागे उरतो तो पांढरा फेसाळ पट्टा होता, आणि तो बंडीच्या वरच्या बटणापासून खाली मांडीपर्यंत मागे मागे पळत होता. बेपोचा चेहरा, भिंत, टेबलावरचा पाव, या उजेडातल्या गोष्टी फिकट पडल्या होत्या, उन्हात राहिलेल्या पडद्यासारख्या. जिथे जिथे काळोख होता तिथे तिथे मात्र समुद्र शिरला होता. चुलीच्या खालच्या कोनाड्यात समुद्र. दाराआडच्या सावलीत समुद्र. आयुष्यभर गोदीत जहाजं बांधलेला, पण एकदाही एकातही पाय न ठेवलेला, समोरच्या बेटावर मावशीच्या मयताला जायचं तरी बोट नको म्हणून घरीच बसलेला बेपो पोटात अख्खा समुद्र घेऊन बदाम फोडत होता. हे काय झालं ते विंकाला लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच तिला आणखी थोडा वेळ न कळल्यासारखं बसून राहावंसं वाटलं.

ही आठ मिलिमीटरची फीत मोठी लबाड वस्तू. ती कॅमेऱ्यातून दोनदा जाते. पहिल्यांदा तिच्या अर्ध्या रुंदीवर चित्रं उमटतात, मग चकती उलटी करून घातली की उरलेल्या अर्ध्यावर. धुऊन झाल्यावर ती मधून उभी चिरतात आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडतात. दोनदा जाऊन आलेली फीत कोणी तिसऱ्यांदा घातली, तर कॅमेरा काही कुरकुर करत नाही. तो निमूटपणे चित्रावर चित्र चढवत जातो. म्हणून क्लबात शिकवणाऱ्या टोंकोमास्तरांनी पहिल्याच दिवशी सगळ्या नवशिक्यांना सांगून ठेवलं होतं, एकदा गेली की डबीला एक चिकटपट्टी, दोनदा गेली की दोन. "हे विसरणाऱ्याने माझ्याकडे रडत यायचं नाही," ते म्हणाले होते. "आईच्या बारशात बापाचं लग्न लागलेलं मी पाहिलंय." सगळे हसले होते. विंकाही हसली होती, जरा जास्तच मोठ्याने, कारण ती औषधांच्या दुकानात काम करत होती आणि दिवसभर बाटल्यांना चिठ्ठ्या लावण्यात तिची वीस वर्षं गेली होती. चिठ्ठी नसलेल्या बाटलीला ती हातसुद्धा लावत नसे. आणि त्याच बाईने घरच्या खणातून बिनपट्टीची डबी काढली आणि खुशाल कोरी समजून वापरली. येर्कोच्या खणातून. नवऱ्याने आयुष्यात कधी कुठल्या डबीला काही चिकटवलं नव्हतं, हे काय तिला माहीत नव्हतं?

"कशी आलीय?" मास्तर अंधारखोलीतून हात पुसत बाहेर आले. दिवसा ते बंदराच्या कचेरीत शिक्के मारत आणि संध्याकाळी या तळघरात लोकांच्या सहली, वाढदिवस आणि मांजरं धूत. ते तिच्या खांद्यावरून वाकले. त्यांच्या अंगाला औषधांचा आंबट वास येत होता. तिने नुसतं हँडल फिरवलं. मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी शीळ घातली.

"हे कुणाचं जहाज?"

"येर्कोचं असणार. मागच्या फेरीला कॅमेरा घेऊन गेला होता."

"म्हणजे नवऱ्याच्या समुद्रावर सासऱ्याला बसवलंस?"

"मास्तर, चेष्टा नको. हे एवढंच आहे म्हाताऱ्याचं. बाकी काही नाही."

ते खरंच तेवढंच होतं. बाकीच्या रिळांमध्ये बेपो होता, पण कुठे त्याची टोपी होती, कुठे पाठ, कुठे दारातून आत जाणारा एक पाय. कारण तेव्हा विंकाला शूट करता येत नव्हतं. सुरुवातीच्या महिन्यांत ती कॅमेरा पाण्याच्या नळीसारखा धरून सगळीकडे फवारत सुटायची. वाळत घातलेले कपडे, तिथून छपरं, तिथून पायऱ्यांवर झोपलेलं मांजर, तिथून शेजारची बाई, श्योरा पेरिना, ती काही बोलायला तोंड उघडते न उघडते तोवर पुन्हा कपडे. मास्तरांनी ते पडद्यावर लावलं तेव्हा पुरुषमंडळींपैकी कोणीतरी विचारलं होतं की भूकंप नक्की कोणत्या दिवशी झाला. क्लबात ती एकटीच बाई. मास्तर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "विंका, तू बघतेस कुठे? तू तर नुसती शोधतेयस. एका जागी उभी राहा. माणूस हातांनी काही करत असला की त्याचं ते काम संपेपर्यंत थांब. मध्ये बंद करायचं नाही. घर पेटलं तरी नाही." त्या दिवसापासून तिने तिपाई वापरायला घेतली. कॅमेऱ्याची चावी भरायची, भिंग लावायचं, आणि थांबायचं. एका चावीवर जेमतेम अर्धा मिनिट चाले, पण तेवढ्यात किती मावतं हे तिला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. कांदा चिरणारे स्वतःचे हात तिने शूट केले आणि ते पाहून ती दचकली होती, कारण ते तिच्या आईचे होते.

आणि मग सप्टेंबरातली ती दुपार. बेपोने झाडाचे बदाम उतरवले होते, आणि खुर्ची, दगड, हातोडी असा सगळा सरंजाम मांडून तो स्वयंपाकघरात बसला होता, कारण अंगणात ऊन लागतं आणि सावलीत म्हणे पेरिना लागते. चुलीवर फाझोल, घेवड्याच्या दाण्यांचं कालवण, शिजत होतं. विंकाने तिपाई लावली. "फिल्लमवाली आली," तो म्हणाला. तो तिला तेच म्हणायचा, आणि त्यात टोमणा किती आणि कौतुक किती हे पंधरा वर्षं एका घरात राहूनही तिला नेमकं सांगता आलं नसतं. तिने भिंगातून पाहिलं आणि तिला पहिल्यांदा बेपो दिसला. म्हणजे तो काय, रोजच दिसायचा. पावाचा शेवटचा तुकडा कोणी घेतला म्हणून भांडणारा, रेडिओ मोठा लावणारा, संडासात वर्तमानपत्र विसरणारा. पण त्या चौकटीत एक म्हातारा मनुष्य होता, त्याच्या उजव्या हाताचं एक बोट गोदीत गेलेलं होतं, आणि उरलेल्या बोटांनी तो बदाम इतका हळुवार धरत होता की हातोडीने कवच फुटे पण आतला दाणा अख्खा निघे. दाणा वाटीत. कवच जमिनीवर. पुन्हा दाणा वाटीत. विंकाचा श्वास मंद झाला. हे सुख होतं, हे तिला त्या क्षणीच कळलं होतं. नवरा जहाजावर, सासरा बदाम फोडतोय, कॅमेऱ्याची घरघर कानाशी, आणि आपल्याला अखेर बघायला येतंय. तिला हललं तर मोडेल असं वाटलं. म्हणून ती हलली नाही.

तेव्हाच बेपोने नाक वर करून वास घेतला. त्याने तोंड उघडलं. "अगं ए, फाझोल लागतंय खाली!" तो म्हणाला. विंकाच्या नाकातही वास गेला होता, पण हात काम करत होते आणि काम संपेपर्यंत थांबायचं होतं, घर पेटलं तरी. "ऐकतेस का? त्या यंत्राला जेवायला घालणारेस की मला?" तो पुन्हा म्हणाला. चुलीवरून धुराचा एक पट्टा सरकत त्याच्या तोंडावर आला. बेपोने हातोडी खाली ठेवली, डोळे किलकिले केले, थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तो चार बोटांचा हात उंच करून हलवला. एकदा, दोनदा, बराच वेळ. मग चावी संपली. पातेल्याला बुडाला काळं चिकटलं होतं; त्या दिवशी दोघांनी पाव आणि खारवलेले मासे खाल्ले आणि बेपोने जेवणभर तिला बोलणी लावली. ऑक्टोबरात तो गेला. झोपेत, कुणाला त्रास न देता. त्याच्या स्वभावाला हे मुळीच शोभलं नाही, असं पेरिना रडता रडता म्हणाली. निधनाची खबर देणारा त्याचा काळ्या चौकटीतला फोटो गल्लीच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी खांबावर आणि बेकरीच्या दारावर लागला. जहाज तेव्हा कुठेतरी गिनीच्या आखाताजवळ होतं. येर्को काही येऊ शकला नाही.

तो आला नाही यात कुणाचाच दोष नव्हता. पण तो घरातून निघाला कसा, हे विंकाला माहीत होतं. निघायच्या आदल्या दिवशी बापलेकांची जुंपली होती. कारण नेहमीचंच. बेपोचं म्हणणं असं की इंजिनखोलीत काम करणाऱ्याने आपण दर्यावर्दी असल्याचा तोरा मिरवू नये, कढईत बसून जग फिरल्यासारखं आहे ते. येर्को म्हणाला की ज्याने कधी नांगर उचललेला पाहिला नाही त्याने बोलू नये. त्यावर बेपो म्हणाला, "जा मग, जा तुझ्या कढईत." दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा बॅग घेऊन पायऱ्या उतरला तेव्हा बाप मुद्दाम लाकडी चेंडूंचा डाव खेळायला मैदानावर जाऊन बसला होता. येर्को पायथ्याशी दोन मिनिटं थांबला. मैदान तिथून एका वळणावर होतं. मग तो बंदराकडे गेला. विंका खिडकीतून बघत होती. त्यानंतर नोव्हेंबरात रॉटरडॅमहून त्याचा फोन आला, टपाल कचेरीतल्या त्या लाकडी खोक्यात, बाहेर माणसं रांगेत खोळंबलेली. लाइनवर भरतीच्या लाटेसारखी खरखर. आधी तो मयताला कोण कोण आलं ते विचारत राहिला. मग म्हणाला, "विंका, माझ्यासाठी काही म्हणाला का?" तिला वाटलं तो तिथेच, काचेपलीकडे उभा आहे. बेपोने त्या सहा महिन्यांत मुलाचं नाव चार वेळा घेतलं असेल, आणि चारही वेळा शिवी होती. "फिल्ममध्ये आहे," ती म्हणाली. तिने ते आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "मी शूट केलंय त्याला. आलास की बघ." मग येर्को म्हणाला, "बरं. आल्यावर बघतो." त्याच्या आवाजात एवढा जीव आला होता की ती फोन ठेवून रांगेतल्या लोकांची माफी न मागताच बाहेर पडली.

आता फेब्रुवारी होता, रीळ आत्ता कुठे धुऊन आलं होतं, आणि येर्को येत्या आठवड्यात यायचा होता.

घरी येऊन तिने झडपा लावल्या आणि रीळ भिंतीवर लावून पाहिलं. मोठं केल्यावर ते आणखी विचित्र दिसत होतं. पहिल्या भागात बंडीत तो फेसाळ पट्टा. मग येर्कोचं दृश्य बदललं होतं, आणि दुसऱ्या भागात, जिथे धूर आणि तो हात होता, तिथे बंडीत एक लोखंडी शिडी आणि तिच्या खाली कसली तरी चाकं फिरत होती. इंजिनखोली. बेपोच्या छातीत इंजिन चालू होतं. विंकाला हसू आलं आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. एवढ्यात पेरिना साखर परत द्यायला म्हणून वर आली, भिंतीकडे पाहिलं आणि वाटी हातात तशीच धरून उभी राहिली. बार्बा बेपो, बेपोकाका, असं ती पुटपुटत होती. मग भिंतीवर त्याने नाक वर केलं, तोंड हलवलं, आणि हात उंच केला. धूर पांढरा होता, भिंत पांढरी होती. त्या फिकट चित्रात धुराचा मागमूस नव्हता. नुसता एक म्हातारा डोळे बारीक करून सरळ आपल्याकडे बघत हात हलवत होता. पेरिनाने वाटी टेबलावर आपटली.

"निरोप घेतोय गं! पोराचा निरोप घेतोय! बघ तरी, म्हाताऱ्याला कळलं होतं!"

विंकाने तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं की अगं बाई, फाझोल लागलं होतं. पण पेरिना एप्रनने डोळे पुसत होती, आणि पेरिना सहसा फक्त महागाईवर रडे. शिवाय खोट्या आशेचं पाप एकदा टेलिफोनवर केलेलंच होतं, त्यात आता आणखी काय भर पडणार होती? "हो ना," विंका म्हणाली. दुसऱ्या दिवसापर्यंत ते पायऱ्या चढून वर आणि पायऱ्या उतरून खाली सगळीकडे गेलं. बेकरीवाल्याने तिचे पैसे घेताना आवाज खाली केला. औषधांच्या दुकानात एक अनोळखी म्हातारी तिचा हात धरून म्हणाली, तुझ्या हातून मोठं पुण्याचं काम झालं. विंका तिला खोकल्याचं औषध देत होती. तिने बाटली दोनदा तपासली.

त्या दिवसांत जुगो सुटला होता. दक्षिणेचा तो ओला वारा आला की भिंतींना घाम फुटतो, मिठाचे खडे होतात, लोकांची डोकी धरतात आणि कोणी कुणाकडून शहाणपणाची अपेक्षा करत नाही. जुगोत केलेल्या गोष्टी माणसं नंतर एकमेकांना माफ करतात. विंकाला पुढे वाटलं की तिने तेच निमित्त पुढे केलं. ती संध्याकाळी क्लबात गेली आणि मास्तरांना म्हणाली, "मास्तर, अक्षरं द्या." काळ्या मखमलीची एक पाटी होती आणि तिच्यावर टोचायची पांढरी अक्षरं, प्रत्येक सहलीच्या फिल्मच्या सुरुवातीला तीच पाटी आणि तीच अक्षरं येत. मास्तरांनी विचारलं, "काय म्हणत होता तो?" तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर म्हातारे होते आणि बंदरात शिक्के मारत असताना त्यांनी पुष्कळ खोटे कागद पाहिले होते. "तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

मास्तरांनी सिगरेट पेटवली. "हे बघ. मुक्या फिल्ममध्ये ओठ कुणाच्या बापाचे नसतात. ते हलतात, आणि आपण त्यांना बोलणं देतो. सगळे देतात. गेल्या वर्षी फाबियानने बायको भांडतानाचं शूट केलं आणि वर पाटी लावली की ती कविता म्हणतेय, बक्षीस मिळालं."

"आणि बायको?"

"ती अजून भांडतेच. पण आता त्याला बक्षीस आहे." त्यांनी धूर बाजूला केला, हाताने, बेपोसारखाच, आणि विंकाने नजर वळवली. "तुझ्या नवऱ्याला काय हवंय ते तुला ठाऊक आहे. मला विचारशील तर तो समुद्र म्हणजे देवाची देणगी आहे, तो पुसू नकोस. पण शब्द तुझे तू बघ. मी फक्त धुतो."

तिने लिहिलं: येर्को, बाळा, देव तुला सांभाळो. पाटी तिपाईसमोर उभी केली, दिवा लावला, चावी भरली, आणि घरघर सुरू झाल्यावर तिला वाटलं की आता कुठलेच हात काम करत नाहीत, कुठलंच काम संपायचं नाही, तरी आपण थांबलो आहोत. अक्षरं निश्चल होती. ही तिच्या आयुष्यातली सगळ्यात स्थिर फिल्म होती. दोन दिवसांनी ती पट्टी धुऊन आली. तिने फीत बरोबर तिथे कापली जिथे बेपोचे ओठ मिटतात आणि हात वर उठायचा असतो, कडा खरवडल्या, पाटी मध्ये बसवली, डिंक लावून दाबून धरली. जोड झकास बसला. मास्तर म्हणाले, तू आता नवशिकी राहिली नाहीस. हे ऐकायला तिने वर्षभर वाट पाहिली होती. ती पायऱ्या चढून घरी गेली तेव्हा जुगो थांबला होता, हवा कोरडी पडली होती आणि समोरचं बेट अगदी जवळ आल्यासारखं दिसत होतं. आता जुगोचं निमित्तही उरलं नव्हतं, आणि तिला त्या बेटाचा राग आला.

येर्को शनिवारी सकाळी आला. वजन उतरलं होतं, कानाजवळचे केस पांढरे झाले होते, आणि हातांना तोच तेलाचा वास होता जो साबणाने जात नाही. तो आधी बापाच्या खोलीत गेला, मग स्मशानात गेला, मग परत येऊन जेवला. तिने मुद्दाम मासे केले होते. जेवताना तो कशाबद्दलही बोलत होता, पंपांबद्दल, कप्तानाच्या दाढदुखीबद्दल. मग काटा खाली ठेवून म्हणाला, "लाव."

दुपारची वेळ होती, सगळी गल्ली झोपली होती. तिने झडपा लावल्या. फटींतून उन्हाच्या बारीक रेघा फरशीवर पडल्या. येर्को ज्या खुर्चीवर बसला ती बेपोची होती, ते त्याच्या लक्षात आलं नसावं. विंका प्रोजेक्टरमागे उभी राहिली. तिने त्याला आधीच सांगून टाकलं, घाईघाईत, डबीचं, पट्टीचं, तिच्या मूर्खपणाचं. म्हणजे एवढं एक तरी खरं सांगून झालं. "तुझ्या रिळावरच मी शूट केलं. दोन्ही गेलं. रागावू नकोस." दिवा लागला.

बेपो बदाम फोडत होता. येर्को पुढे वाकला. विंकाला यंत्राच्या आवाजातूनही त्याचा श्वास ऐकू येत होता.

"ही आमची मागे राहणारी फेसाची रेघ," तो शेवटी म्हणाला. "जहाजाच्या मागच्या कठड्यावरून घेतली होती. बिस्केच्या खाडीत. पाणी शांत होतं त्या दिवशी." आणि मग, तिच्याकडे न बघता, "त्याच्यासाठीच घेतली होती गं. म्हटलं, दाखवू म्हाताऱ्याला, कढई कुठे कुठे जाते ते. सुट्टीत धुवायला टाकायची राहिली. मग भांडणच झालं."

विंकाने प्रोजेक्टरच्या कडेला हात टेकला. धातू तापला होता. तिला एकाएकी दिसलं की आता काय होणार आहे. फेसाळ पट्टा गेला, बंडीत शिडी आली, चाकं आली. "इंजिन," येर्को हळूच म्हणाला. "दोन नंबरचं." बेपोने नाक वर केलं. त्याचे ओठ हलले, पुन्हा हलले. येर्कोने मान एका बाजूला कलती केली, ऐकू येईल म्हणून. बटण तिच्या अंगठ्याखाली होतं. दाबलं असतं तर दिवा विझला असता, बल्ब गेला म्हणता आलं असतं. तिने दाबलं नाही. पाटी आली. येर्को, बाळा, देव तुला सांभाळो. काळ्यावर पांढरी, शेवटच्या अक्षरापर्यंत सरळ. मग हात. चार बोटांचा हात, एकदा, दोनदा, बराच वेळ. मग पांढरं, आणि फितीचं टोक चकतीवर फटफट वाजू लागलं.

तिने यंत्र बंद केलं. खोलीत फक्त त्या उन्हाच्या रेघा.

"बाळा?" येर्को म्हणाला.

ती चकतीवर फीत गुंडाळू लागली.

"विंका, माझ्या बापाने मला जन्मात बाळा म्हटलेलं नाही. आणि देव? गोदीतल्या पाद्रीला काय काय ऐकवायचा तो. आईच्या मयताला सुद्धा चर्चच्या दाराबाहेर उभा होता." तो अजून भिंतीकडेच बघत होता. त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच तिला सोसवेना. "काय म्हणत होता तो?"

ती कितीतरी गोष्टी सांगू शकली असती. आठवत नाही, हे सगळ्यात सोपं होतं. पण तिला ती दुपार आठवली, तो वास, आणि आपण हलायचं नाही म्हणून हललो नाही ते. तेव्हा ती जे बघत होती ते खरं होतं. तिला ते कुणाला तरी जसंच्या तसं द्यावंसं वाटलं.

"फाझोल लागतंय म्हणाला," ती म्हणाली. "मी कॅमेरा बंद करेना. मग म्हणाला, त्या यंत्राला जेवायला घालणारेस की मला. आणि हात... तो धूर होता, येर्को. धूर बाजूला करत होता. तुझं नाव त्याने घेतलं नाही."

येर्को हलला नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि विंकाला वाटलं आता रडतोय, आता काय करू. पण तो हसत होता. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, टेबलावर हात आपटून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग पाणी येतच राहिलं आणि हसणं थांबलं. "यंत्राला जेवायला घालणारेस," तो म्हणाला, हुबेहूब बेपोच्या आवाजात, नाकातून, शेवटचा शब्द ओढत. तो आवाज त्या घरात ऑक्टोबरापासून नव्हता.

"ती पाटी काढ," तो म्हणाला.

तिने झडप थोडी उघडली, शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि खिडकीपाशी उभं राहून पाटी कापून काढली. घाईत बेपोची दोन चित्रंही गेली. चिकटपट्टीने तिने कसाबसा जोड घातला. मास्तरांनी तो पाहिला असता तर तिला पुन्हा पहिल्या दिवशीच्या बाकावर बसवलं असतं. मग तिने झडप लावली आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं. बदाम. समुद्र. शिडी. बेपोचे ओठ हलले आणि बरोबर त्याच वेळी येर्को म्हणाला, "अगं ए, फाझोल लागतंय खाली!" विंकाला हसू फुटलं. वेडावाकडा जोड यंत्रातून जाताना चित्र एकदा उडालं आणि बापाने भिंतीवरून, छातीत दोन नंबरचं इंजिन चालू ठेवून, हात उंच केला.

तो धूर बाजूला करतोय हे आता दोघांनाही माहीत होतं. तरी बेपोच्या त्या खुर्चीत बसलेल्या येर्कोने आपला तेलकट हात अंधारात वर केला आणि बापाला हलवून दाखवला, एकदा, दोनदा, चित्र पांढरं होईपर्यंत. त्याचा हात खाली येईपर्यंत विंकाने यंत्राच्या बटणाला हात लावला नाही.